जुन्या गाडीची गंजलेली कूलिंग सिस्टीम: दुरुस्तीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे जुनी गाडी म्हणजे बिडाचा ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनचा मुख्य भाग), तांब्या-पितळेचा रेडिएटर आणि बिडाचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं हेड (ब्लॉकवरचं झाकण) असलेली गाडी. प्लॅस्टिकच्या टाक्या असलेले नंतरचे रेडिएटर इथे धरलेले नाहीत.

रेडिएटर गळतोय. डाग (कथील-शिशाचा टाका) देऊन घेतला की काम संपलं ना?

गळती थांबेल. काम संपलं की नाही, हे भोक कशानं पडलं त्यावर ठरतं. दगड लागून किंवा पंख्याचं पातं घासून पडलं असेल तर डाग द्या आणि विसरून जा. पण आतून खाऊन भोक पडलं असेल, तर तेच पाणी हीटरच्या कोअरमधून (हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून), वॉटर पंपातून आणि हेडमधूनही फिरतंय. रेडिएटरच्या नळीची भिंत सगळ्यात पातळ, म्हणून ती आधी फुटली, एवढंच. बाकीचे भाग रांगेत उभे आहेत असं समजा.

म्हणून रेडिएटर काढलाच आहे तर थर्मोस्टॅटचं (पाणी तापल्यावर उघडणाऱ्या झडपेचं) झाकण उघडा, वरचा होज (रबरी नळी) काढून त्याच्या तोंडाशी बोट फिरवा. तपकिरी चिखल आला तर बीड गंजतंय. पांढरट-करडी, बुळबुळीत पेस्ट आली तर अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातंय. रेडिएटरच्या डागाच्या सांध्यांवर पांढरे-हिरवे फुगवटे दिसले तर कथील-शिशाचा डाग सुटायला लागलाय. तिन्ही एकदम दिसणंही काही दुर्मिळ नाही.

साध्या पाण्यानं एवढं कसं खाल्लं जातं?

एकाच पाण्यात बीड, अ‍ॅल्युमिनियम, तांबं, पितळ, शिसं आणि कथील बुडालेले असतात. वेगवेगळे धातू एकमेकांना जोडलेले आणि मध्ये क्षार असलेलं पाणी, म्हणजे बॅटरीच झाली. अशा बॅटरीत सगळ्यात सहज विरघळणारा (कमी ‘उच्च’) धातू झिजतो, आणि या मंडळींत तो मान अ‍ॅल्युमिनियमकडे जातो. त्याच्यावर ऑक्साइडचा जो पातळ थर असतो तोच त्याचं चिलखत. पाणी फार आम्ल किंवा फार अल्कली झालं की हे चिलखत विरघळतं.

जग्वारचं १९४८चं एक्सके इंजिन घ्या: बिडाचा ब्लॉक, अ‍ॅल्युमिनियमचं हेड. ट्रायम्फ स्टॅगच्या व्ही-८मध्येही तीच जोडी, वर वॉटर पंप इंजिनच्या वरच्या अंगाला. पाणी थोडं कमी झालं की पंप आधी कोरडा पडतो. अशा इंजिनांत कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) हयगय थेट हेडच्या जिवावर बेतते. सगळंच बिडाचं असलेलं इंजिन बरंच सोसतं. ते गंजतं, गाळ साठवतं, पण सहसा भोक पाडून घेत नाही.

दुसरं कारण म्हणजे जुनं झालेलं कूलंट. कूलंटमधलं ग्लायकॉल उष्णतेनं आणि हवेनं हळूहळू आम्लात बदलतं. ते आम्ल मारायला कूलंटमध्ये गंजरोधक मिसळलेले असतात, पण ते संपतात. रंग तसाच हिरवागार राहतो, गोठणबिंदूही बरोबर दाखवतो, आणि तरी आतून त्याचा जीव गेलेला असतो.

विजेमुळे गंज होतो असं ऐकलं. ते कसं तपासायचं?

साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन थंड असताना रेडिएटरची कॅप काढा. मीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थ टर्मिनलला लावा (पॉझिटिव्ह अर्थ असलेल्या जुन्या गाड्यांत हे टर्मिनल उलटं असतं, हे विसरू नका) आणि दुसरी पिन धातूला न लावता नुसती कूलंटमध्ये बुडवा. सगळं बंद असताना सुमारे ०.१ व्होल्टच्या आत आकडा आला तर झोप चांगली लागेल. ०.३ च्या पुढे गेला तर कूलंट संपलंय, बदला.

आता कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा, मग दिवे, हीटरचा पंखा एकेक चालू करा. एखादी गोष्ट चालू करताच आकडा उडी मारत असेल तर त्या वस्तूचा करंट घरी जाताना कूलंटमधून वाट काढतोय. अशा वेळी कूलंट बदलून उपयोग नाही. इंजिन ते बॉडी आणि बॉडी ते बॅटरी या अर्थच्या पट्ट्या काढून, टोकं उजळ घासून पुन्हा आवळा. रंग मारलेल्या बॉडीवर, रंगावरच बोल्ट आवळलेली अर्थची पट्टी जुन्या गाड्यांत फार सापडते. नव्यानं रंगकाम झालेल्या गाडीत तर आधी तीच बघावी.

भाग दुरुस्त करायच्या आधी सिस्टीम साफ करायची की नंतर?

आधी. नाहीतर नव्या रेडिएटरच्या नळ्यांत जुन्या ब्लॉकचा गाळ जाऊन बसतो, आणि हे इतक्या वेळा घडतं की नवा रेडिएटर बसवूनही गाडी तापते म्हटल्यावर पहिला संशय त्यावरच घ्यावा.

रेडिएटरच्या तळाचा नळ उघडून ब्लॉक रिकामा होत नाही. ब्लॉकला स्वतःचा वेगळा नळ किंवा प्लग असतो, बहुतेक वेळा खालच्या बाजूला, आणि तो उघडला तरी बऱ्याचदा थेंब येत नाही, कारण मागे घट्ट गाळ बसलेला असतो. नळ पूर्ण काढा, जाड तारेनं खुपसा. आधी काळं घट्ट पाणी, मग तपकिरी चिखल, आणि कधी कधी बारीक वाळू येते. ही वाळू बहुधा रस्त्यावरची नसते. ब्लॉक ओतताना साच्यात वापरलेली, तेव्हापासून आत राहून गेलेली असू शकते. गाळ मागच्या सिलिंडरभोवती सगळ्यात जास्त साठतो आणि तोच सिलिंडर आधी तापतो.

सुट्या बिडाच्या किंवा पितळेच्या भागासाठी कोमट पाण्यात ५ ते १० टक्के सायट्रिक अ‍ॅसिड चांगलं काम करतं. अ‍ॅल्युमिनियमचं हेड बसवलेल्या इंजिनात ते घालायचंच असेल तर सौम्य ठेवा, थोडा वेळच ठेवा आणि भरपूर पाण्यानं धुवा. धुतल्यावर बीड काही मिनिटांत केशरी पडतं, म्हणून लगेच गंजरोधक असलेलं कूलंट भरायची तयारी ठेवूनच सुरू करा. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड नको. ते अ‍ॅल्युमिनियम खातं, आणि सांदीत राहिलेलं क्लोराइड नंतरही खात बसतं.

धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर वापरून विजेनं गंज काढायची पद्धत बिडाच्या आणि लोखंडाच्या सुट्या भागांसाठी उत्तम. अ‍ॅल्युमिनियम त्यात घालू नका, विरघळायला लागेल. चार्जरच्या दुसऱ्या टोकाला जोडायची पट्टी म्हणून स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं.

थर्मोस्टॅट हाउसिंगचा बोल्ट आतच तुटला. आता?

स्टीलचा बोल्ट, अ‍ॅल्युमिनियमचं बूड आणि मध्ये वर्षानुवर्षं झिरपलेलं पाणी. अ‍ॅल्युमिनियमचा गंज मूळ धातूपेक्षा जागा जास्त व्यापतो, म्हणून बोल्ट आटे सोडत नाही. तो आवळून धरला जातो. त्यामुळे नुसता जोर लावला की डोकं तुटतं.

तुटायच्या आधीचा क्रम असा: गंज सोडवणारं तेल, रात्रभर वाट, मग हाउसिंगला उष्णता, आणि पान्यानं पुढे-मागे, पुढे-मागे. अ‍ॅल्युमिनियम स्टीलपेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून बोल्टला नव्हे तर आजूबाजूच्या धातूला गरम करा. ज्योत लावणार असाल तर तेल आधी पुसून काढा.

तुटलाच, आणि भाग गाडीवरून सुटा करता येत असेल, तर तुरटी. हे ऐकून लोक हसतात. गरम पाण्यात विरघळेल तेवढी तुरटी विरघळवून त्यात भाग बुडवला आणि पाणी गरम ठेवलं, तर ते स्टील खातं आणि अ‍ॅल्युमिनियमला सहसा धक्का लावत नाही. घड्याळवाले बारीक तुटके स्क्रू असेच काढत आले आहेत. तुकड्यापाशी बारीक बुडबुड्यांची सततची माळ दिसली की काम चालू आहे. मधूनमधून काळा गाळ ब्रशनं काढत राहायचं, पाणी आटलं तर पुन्हा भरायचं. तासांत होईल अशी अपेक्षा नको, मोठ्या तुकड्याला दिवस लागतात. स्टेनलेसचा बोल्ट असेल तर हा खटाटोप करू नका, आणि त्या भागात राहायला हवं असं दुसरं काही स्टीलचं बसवलेलं नाही ना, ते आधी बघा.

बोल्ट परत बसवताना तो पाण्याच्या पोकळीत उतरतो का ते बघा. उतरत असेल तर आट्यांना सीलंट लावा, नाहीतर आट्यांतून पाणी वर येऊन तीच कहाणी पुन्हा सुरू होते.

हाउसिंगच्या होज बसायच्या तोंडाला खड्डे पडलेत. भरता येतील का?

येतील, आणि इथे इपॉक्सी वापरायला काहीच हरकत नाही. होजच्या क्लिपखाली ते चारी बाजूंनी दाबून धरलेलं असतं, त्यामुळे त्याच्यावर फार ताण नसतो. अट एकच: खड्ड्याच्या तळाशी उजळ धातू दिसेपर्यंत पांढरी भुकटी खरवडून काढा, अ‍ॅसिटोननं पुसा आणि किमान १५० अंश सेल्सिअस सोसणारं, धातूची भुकटी मिसळलेलं इपॉक्सी घ्या. सुकल्यावर कानस आणि पॉलिश पेपरनं गोलाई आणा. होज घालताना आडवे ओरखडे चालतात, उभे नाहीत. उभ्या ओरखड्यातून पाणी सरळ बाहेर येतं.

तोंड अर्धं खाल्लं गेलं असेल तर लेथवर उतरवून अ‍ॅल्युमिनियमची बाही बसवून घ्या. गॅस्केट बसायची सपाट बाजू खड्ड्यांनी भरली असेल तर काचेवर पॉलिश पेपर चिकटवून आठच्या आकड्यात घासा. फार जाड सीलंट लावून खड्डे झाकायचा मोह टाळा. आत ओघळलेले सीलंटचे तुकडे थर्मोस्टॅटमध्ये अडकतात.

हेडच्या पाण्याच्या भोकाभोवती धातू खाल्ला गेलाय. हेड फेकून द्यायचं?

लगेच नाही. पण या एका भागावर कंजूषपणा किंवा घाई करू नका.

आधी खड्डा कुठे आहे ते बघा. गॅस्केट हेडवर ठेवा आणि कंबशनच्या (इंधन जळतं त्या) भोकाभोवतीची धातूची कडी जिथे बसते तिथे पेन्सिलीनं रेघ मारा. खड्डा त्या कडीपासून लांब, फक्त पाण्याच्या भोकाच्या कडेला असेल, तर हेड वाचण्याची शक्यता खूपच चांगली. खड्डा कडीच्या खाली घुसला असेल, तर इपॉक्सीचं नावही काढू नका. तिथे जळत्या वायूचा दाब असतो. इपॉक्सी निघून जाईल आणि गॅस्केटही नेईल.

वेल्डिंग करायचं तर टिग (टंगस्टनच्या टोकानं, वायूच्या आवरणात केलेलं), एसी करंटवर. पण खरं काम वेल्डिंगच्या आधीचं. कूलंटमध्ये वर्षं काढलेल्या ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या छिद्रांत ग्लायकॉल, तेल आणि क्षार मुरलेले असतात. चांगला वेल्डर खराब धातू बर्रनं (फिरत्या कानशीनं) खोदून काढतो, हेड भट्टीत तापवतो आणि मगच पहिला थर देतो. तो थर काळा आणि फेसाळ आला की तोही खोदून टाकतो. दुसरा, तिसरा, हळूहळू वितळलेल्या धातूचं डबकं चकाकणारं येतं. पहिल्याच थरावर ‘झालं’ म्हणणाऱ्याला हेड देऊ नका. भराई-सळई साधारणपणे सिलिकॉनवाली, ४०४३ किंवा ४०४७.

वेल्डिंगनंतर हेड फेस मारावं (मशीनवर तासून सपाट करावं) लागतंच. किती मिलिमीटर काढायची मुभा आहे ते त्या इंजिनच्या पुस्तकात दिलेलं असतं. मर्यादा ओलांडली तर कॉम्प्रेशन वाढतं, आणि ओव्हरहेड कॅम (झडपा उघडणारा दांडा हेडमध्येच) असेल तर झडपांचं टायमिंगही हलतं. सरळपट्टी लावून फीलर गेजची ०.०५ मिलिमीटरची पाती खाली सरकते का ते बघणं हा घरच्या घरी करता येणारा पहिला अंदाज. अंतिम आकडा पुस्तकातला.

दोन गोष्टी विचारल्याशिवाय हेड परत घेऊ नका. एक, कडकपणा तपासला का? फार तापलेलं किंवा वेल्ड केलेलं हेड मऊ पडू शकतं, आणि मऊ हेडवर गॅस्केट काही काळाने दबून सुटतं. दोन, दाब-चाचणी गरम पाण्यात केली का? काही चिरा थंड हेडमध्ये मिटून बसतात आणि तापल्यावरच उघडतात.

ब्लॉकच्या बाजूचे गोल पत्र्याचे प्लग गळतायत.

हे कोअर प्लग. ब्लॉक ओतताना आतल्या वाळूचा गाभा धरून ठेवायला आणि नंतर वाळू काढायला ठेवलेली ही भोकं. पाणी गोठलं की प्लग उडून ब्लॉक वाचतो अशी समजूत आहे. कधी तसं होतंही, पण ती काही त्यांची नेमणूक नाही, आणि अनेकदा ब्लॉकच आधी फुटतो.

पत्रा आतून गंजतो, बाहेरून फक्त एक तांबडा ठिपका दिसतो. एक गळला तर सगळे बदला. काढताना मधोमध ठोकून आत घालवू नका, मागेच सिलिंडरची भिंत आहे. एका कडेवर पंचनं ठोका, प्लग आडवा फिरतो, मग पक्कडीनं ओढा. भोकाची कड उजळ घासा, सीलंटचा पातळ थर द्या आणि वाटीसारखा प्लग असेल तर योग्य मापाच्या ड्रिफ्टनं (ठोकायच्या दांड्यानं) सरळ ठोका. बशीसारखा असेल तर फुगीर बाजू बाहेर ठेवून मध्यावर एक नेमका ठोका द्यायचा, तो पसरून घट्ट बसतो. सपाट होऊन खोलगट होईपर्यंत ठोकलात तर तो पुन्हा सैल पडतो. पितळेचे मिळाले तर पितळेचे घ्या.

वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून पाणी येतंय. ते बुजवू का?

नाही. ते भोक सील गेल्याची बातमी द्यायलाच ठेवलंय. बुजवलंत तर पाणी बेअरिंगमध्ये जाईल, आणि बेअरिंग मोडलं की पंखा रेडिएटरमध्ये.

पंप उघडल्यावर इम्पेलरच्या (पाणी ढकलणाऱ्या चाकाच्या) पात्या बघा. टोकं खाल्लेली असतील तर कमी वेगात पाणी फिरत नाही, आणि गर्दीत गाडी तापते पण मोकळ्या रस्त्यावर बरी चालते. सील जिथे टेकतं ती बैठक खड्ड्यांची असेल तर नवं सीलही टिकणार नाही. तासून किंवा बाही घालून घ्या. इम्पेलर आणि बॉडीतलं अंतर पुस्तकाप्रमाणे ठेवा.

तांब्या-पितळेचा रेडिएटर: डाग, रॉडिंग की नवा कोअर?

जुना रेडिएटर टिकवावा असं माझं मत आहे, कारण वरच्या-खालच्या टाक्या, ब्रॅकेट आणि ठसे मूळचे असतात आणि पुन्हा मिळत नाहीत. कोअर (नळ्या आणि पाकळ्यांचा मधला भाग) मात्र झिजणारी वस्तू आहे.

एखाद-दुसरी नळी गळत असेल तर डाग. टाकी सोडवून आत बघितल्यावर नळ्या क्षारांनी तुंबलेल्या दिसल्या तर पट्टीसारखी सळई एकेका नळीतून घालून साफ करतात, तेच रॉडिंग. पण बोटानं दाबल्यावर तांब्याच्या पाकळ्या भुगा होऊन पडत असतील तर वरून कितीही डाग द्या, नळीची उष्णता हवेत जाणारच नाही. मग नवा कोअर, जुन्या टाक्या.

डाग द्यायचं कथील-शिसं साधारण १८३ अंश सेल्सिअसपासूनच वितळायला लागतं. म्हणून जवळच्या सांध्यावर ब्रेझिंगची ज्योत नेली की शेजारचे चार सांधे सुटतात. काम झालं की फ्लक्स (डाग धरावा म्हणून लावलेलं रसायन) गरम पाण्यानं धुवा. राहिलेला फ्लक्स हिरवा गंज आणतो. चाचणी पाण्यात बुडवून, कॅपवर लिहिलेल्या दाबाच्या थोडंच वर.

गळती थांबवणारी पावडर किंवा द्रव घालू का?

रस्त्यात अडकलात आणि घरी पोचायचंय तर घाला. नंतर धुऊन काढा. ते भोक आणि अरुंद नळी यांत फरक करत नाही, आणि हीटरचा कोअर आधी तुंबतो.

कोणतं कूलंट भरावं?

डागाचे सांधे असलेल्या जुन्या गाडीत पारंपरिक, सिलिकेटवालं, इथिलिन ग्लायकॉलचं. दर दोन वर्षांनी बदलायचं. सेंद्रिय आम्लांवर चालणारी ‘दीर्घायुषी’ कूलंट काही जुन्या डागांना आणि सीलांना मानवत नाहीत. रंगावर जाऊ नका. हिरवा, निळा, गुलाबी यांचा काही सर्वमान्य नियम नाही, डब्यावरचा मजकूर वाचा. दोन प्रकार मिसळू नका.

पाणी डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड. निम्मं-निम्मं मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, पण जिथे थंडी पडतच नाही तिथेही एक तृतीयांशाच्या खाली जाऊ नका, कारण गंजरोधक त्यातूनच येतात.

जास्त दाबाची कॅप लावली तर गाडी कमी तापेल?

तापमान तेवढंच राहील, फक्त पाणी उशिरा उकळेल. जुन्या गाडीला ४ किंवा ७ पीएसआयची (पीएसआय हे दाबाचं माप) कॅप असेल तर तिथे १३ची लावणं म्हणजे जुन्या डागांवर आणि हीटरच्या कोअरवर तेवढा जास्त भार. कॅपची दोन्ही रबरं मात्र तपासा: आतली छोटी झडप अडकली की थंड झाल्यावर होज चपटा होतो.

काढलेलं जुनं कूलंट कुठे टाकायचं?

गटारात किंवा मातीत नको. ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असतं, म्हणून कुत्री आणि लहान मुलं ते पितात, मांजरंही त्याला तोंड लावतात, आणि थोडंसंही घातक ठरू शकतं. त्यात शिसंही उतरलेलं असतं. झाकणाच्या डब्यात, नाव लिहून, जुनं तेल आणि रसायनं घेणाऱ्या केंद्रात द्या.

गाडी सहा महिने उभी राहणार आहे. कूलंट काढून ठेवू का?

काढू नका. रिकाम्या ब्लॉकमध्ये ओलावा आणि हवा दोन्ही राहतात, आणि ओलं बीड हवेत जेवढं गंजतं तेवढं कूलंटखाली गंजत नाही. उलट उभी करायच्या आधी ताजं कूलंट भरा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवा, हीटरचा नळ उघडा ठेवून कोअरमध्येही ते जाऊ द्या, आणि पातळी पुन्हा बघून कॅप लावा.